आत्याच्या नावाची चिठ्ठी

मी, एनोस किदिगा चावुलिमु, वय चोवीस वर्षे, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार इगाले, विहिगा टेकड्या, आज पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही, कोणी धमकावलेले नाही. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. ज्या शब्दांची शंका होती ते शब्दकोशात पाहून घेतले आहेत. कुठे खाडाखोड झाली तर तिच्याखाली सही करीन.

येत्या गुरुवारी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात माझे एक मूत्रपिंड काढून माझी आत्या दोरिका कागेहा हिला बसवायचे ठरले आहे. तरुण माणसाला यात धोका थोडाच असतो, असे डॉक्टर म्हणाले. थोडाच म्हणजे किती, हे मी तीनदा विचारले. म्हणून हे लिहितो आहे. आत्या अजून 'हो' म्हणालेली नाही, हेही नोंदवतो. ती नाही आली तर तिच्याकडे फार दिवस नाहीत.

१. पुढे जे 'माझे' म्हणून लिहिले आहे ते देवाने वापरायला दिलेले आहे. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. आत्या दोन दिवसांसाठी नवऱ्याच्या घरून आली होती, ती परत गेलीच नाही. मी विचारले की म्हणायची, "तिकडची माणसं फार घोरतात रे." तिच्या या दानाची नोंद कुठेच झालेली नाही, म्हणून पहिल्या कलमात केली.

२. चिठ्ठीचा खुलासा. यावरून गावात उलटसुलट बोलले जाते, म्हणून नीट लिहितो. कापणीच्या उपकारस्तुतीला आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येक घर पहिल्या पिकातले काही वेदीपुढे ठेवते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. जे उचलून आणता येत नाही, वासरू किंवा उभे झाड, ते चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकायचे. टोपलीत पडलेला शब्द परत घेता येत नाही. आत्या सहा महिने 'नाही' म्हणत होती. म्हणून मी लिहिले: 'एक मूत्रपिंड, दोरिका कागेहा हिच्यासाठी. देणारा एनोस.' आजवर चिठ्ठ्या न उघडता त्यांच्यावर प्रार्थना करत. यंदा नवे कारभारी जोसिया लुगालिया यांना वाटले, देणाऱ्यांचा मान राहावा. त्यांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या.

"वासरू एक, पांढऱ्या पायांचं. निलगिरीचं झाड एक. मूत्रपिंड..." ते थांबले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग पुढचेही वाचले.

मागून कोणीतरी ओरडले, "कारभारी, याची बोली कितीपासून?"

मंडळी हसली. आत्या उभी राहिली तेव्हा हसू थांबले.

"एनोस, माझं नाव लिहिण्याआधी मला विचारलंस?"

"विचारलं, आत्या. अकरा वेळा."

"मी काय म्हटलं?"

"नाही म्हटलंस."

"मग देवाला मध्ये घातलंस? चहाडखोर कुठला!"

ती निघून गेली. त्या दिवसापासून मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. बोलली ती एकदाच: "मेलास तर तुझ्या खोपटावरून मी तुझ्या काकाशी भांडत बसणार नाही. आधी लिहून ठेव." तिची आज्ञा म्हणून हे पत्र.

३. माझी एक खोली, तिचा पत्रा आणि मागची केळी आत्याला. पत्रा पश्चिमेच्या कोपऱ्यात गळतो. खोली रिकामी राहिली तर ती कोणालाही फुकट राहू देईल. देऊ द्यावे.

४. काका हेझ्रॉन अदेमा यांनी माझे वडील गेल्यावर शेराच्या झुडपांचे कुंपण तीन पावले आमच्या बाजूला सरकवले. मी दर वर्षी मोजतो; तीनच आहेत, वाढलेली नाहीत, याबद्दल त्यांचे आभार. ती तीन पावले मी त्यांना देतो. इतकी वर्षे ती घेतलेली होती, आता दिलेली झाली. हे कलम त्यांना लोकांसमोर वाचून दाखवावे. (हे लिहिताना माझ्या मनात थोडा राग होता. देवाने क्षमा करावी, पण वाचावे मोठ्यानेच.)

५. नट आवळायचे पाने, टायर काढायचे चमचे, पंक्चरचा डबा हे सर्व रस्त्यापलीकडच्या गेर्शोम आंबानीला. मी नट फार आवळतो असे तो गिऱ्हाइकांना सांगतो. ते खरे आहे. पंधरा नंबरचा पाना मुळात त्याचाच आहे. पंप मात्र झाडाला बांधलेलाच राहावा आणि हवेचे कोणाकडून काही घेऊ नये. हवा देवाची, माझा फक्त पंप.

६. माझी काळी सायकल गायनमंडळातल्या मिनायोला. गेल्या वर्षी मी तिची कोंबडी लिलावात घेतली आणि तिलाच परत नेऊन दिली. तिने ती शिजवून मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीबरोबर मला पाठवली. याहून जास्त आमच्यात काही बोलणे झालेले नाही. गुरुवारनंतर बोलायचा विचार होता.

७. मला अंगणात आईशेजारी पुरावे. माझ्यासाठी गाय कापू नये, कोणाला कर्जात घालू नये. चहा आणि भुईमुगाच्या शेंगा पुरे. भाषणे करायची असतील तर ती आभाराची करावीत, आणि काकांनी थोडक्यात करावे.

८. साक्षीदार दोन लागतात. हे कलम लिहिताना जोसिया लुगालिया समोर बसले होते. चिठ्ठी वाचल्याबद्दल ते रोज माझी माफी मागतात. मी विचारले, दुसरी सही आत्याची चालेल का?

"नाही चालायची. ज्याला पत्रातून काही मिळतं त्यानं साक्ष करू नये. पुढे वाद होतात."

आत्या दारात मक्याचे दाणे काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वाच सगळं."

मी वाचले. काकांच्या कलमाला ती हसली. मिनायोच्या कलमाला "बावळट" म्हणाली. मग म्हणाली, "तिसरं खोड."

"आत्या, मग खोली कोणाला?"

"तुलाच. वारस म्हणजे कोण? दुसरा मरायची वाट बघणारा. मी नाही बघणार वाट. मी सही करणार."

जोसिया हळूच म्हणाले, "ताई, पण ते मूत्रपिंड..."

"ते या कागदातलं नाही, कारभारी. ते टोपलीतलं. तुम्हीच नाही का वाचलंत?"

मला लिहिता येईना. तिने कणीस खाली ठेवले, हात लुगड्याला पुसले.

"रडतोस काय? शाई पसरेल. गुरुवारी पहाटेची गाडी आहे ना? मी उपाशी यायचं की खाऊन?"

"उपाशी, आत्या. दोघांनीही."

"मग बुधवारी पोटभर जेवू. दे पेन."

तिसरे कलम खोडले आहे. खाली सही केली आहे. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: इगाले, विहिगा
सोमवार, १४ ऑक्टोबर २०१९

लिहिणार: एनोस किदिगा चावुलिमु

साक्षीदार पहिले: जोसिया लुगालिया, मंडळीचे कारभारी

साक्षीदार दुसरी: दोरिका कागेहा, लिहिणाऱ्याची आत्या. मुलगा शुद्धीवर आहे. हट्टी आहे. मी त्याच्याबरोबर जाते आहे.