जावयाने अपडेट केलेल्या फोनवर पत्ता न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
सावली महिला आधार कक्ष, सौंसर.

विषय: निवाऱ्याचा नवा पत्ता तोंडी मिळणे, व खात्रीचा ब्राउझर उतरवून मिळणेबाबत.
संदर्भ: आपला कालचा फोनवरील संदेश.

महोदया,

अर्जदार सुचिता, मुक्काम माहेर, रामाकोना, सविनय कळविते की,

१. पांढुर्ण्याला नांदताना नवरा वीरेंद्र तिचा फोन रोज तपासत असे. म्हणून आपल्याच कक्षातील करुणाताईंनी तिला गुप्त ब्राउझर लावून दिला. नवी आवृत्ती बनवणाऱ्यांच्या साइटवरूनच घ्यायची, त्यांची डिजिटल सही जुळल्याशिवाय उघडायची नाही, असे बजावले. मारहाणीचे फोटो, तक्रार, सारे त्यातूनच आपणाकडे आले.

२. माहेरी नवी आवृत्ती उतरवताना नेट गेले, काम अर्धे राहिले, अपडेट अपूर्ण असल्याची लाल खूण फोनवर तशीच राहिली. त्याच दिवशी वीरेंद्र समेट करतो म्हणून आला. जावई तो! अर्जदाराच्या आईने, कलाबाईने, पाट मांडला, पुरणपोळी वाढली. अर्जदार विहिरीवर गेलेली. फोनवर लाल खूण पाहून आईने तो त्याच्याच हाती दिला, "जावईबापू, तुम्हाले समजते, पाहा बरं हा काय मांगून राह्यला." त्याने आपल्याजवळचे सॉफ्टवेअर टाकले. नाव तेच, चित्र तेच. जावई कामाचा निघाला म्हणून आई बिचारी खूश.

३. तेव्हापासून अर्जदाराचे सारे तो वाचतो. आपण निवाऱ्याचा पत्ता त्याच फोनवर पाठवला. अर्जदार लेकीला, अमृताला, कडेवर घेऊन पोचली तर हा फाटकाशी बसून पोरीसाठी संत्रं सोलत होता. देवा रे! अर्जदार आल्या बसनेच परत फिरली.

४. कक्षात सांगितले तर बाबू म्हणतात, पोर्टलवर टाका. पोर्टलचा ओटीपी त्याच फोनवर! कक्षाच्या संगणकावर ब्राउझर उतरवू द्या म्हटले, तर ती साइट संशयास्पद म्हणून बंद. फोन साफ करून द्या म्हटले, तर बिल नवऱ्याच्या नावे, त्याचे संमतिपत्र आणा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या ह्याच.

५. आता नव्या निवाऱ्याचा पत्ता उद्या याच फोनवर येईल, असा आपला संदेश आहे. तो त्यानेही वाचला असेल. म्हणून हा अर्ज हाताने लिहिला.

तरी पत्ता पाठवू नये. करुणाताईंनी समोर येऊन कानात सांगावा, व खात्रीचा ब्राउझरही त्यांनीच सही जुळवून उतरवून द्यावा. अर्जदाराच्या आईला मुळीच सांगू नये. ती वाईट नाही, महोदया. लेकीसाठी रोज रडते. पण जावई दारात उभा राहिला की तिच्याने नाही म्हणवत नाही.

उत्तराच्या, पण फोनवरच्या नव्हे, प्रतीक्षेत,
आपली नम्र,
सुचिता
रामाकोना, दि. ९ डिसेंबर २०२५