मारुतीला कसं सांगू?

प्रिय जगदेवी,

तुरीची चाळणी, दाणे वर चढवणारा पट्टा, कारखान्याचं फाटक, तुझ्या आजारपणातली डोक्याकडून वर होणारी खाट. हे सगळं मी माझ्या हातानं केलं, कुणाच्या हाताखाली न शिकता. सुताचाही फरक कधी पडू दिला नाही. आणि आज लिहायला बसलोय, कारण सोमवारपासून मारुती फिटर आणि बाकीचे पाचजण कामावर येणार नाहीत. तू असतीस तर आली असती का ही वेळ?

कारखान्यात दुपारचा चहा सगळ्यांना तू स्वतः ओतायचीस. एकदा म्हणालीस, "मारुतीनं आज वरून साखर मागितली न्हाई. घरी कायतरी हाय." लेक माहेरी परत आली होती त्याची! मी विचारलं, तुला कसं कळलं? "तुम्हाला बेअरिंगचा आवाज ऐकून कळतं नव्हं? तसंच." वर टोमणा, "मशीन कुरकुरलं की धावता, माणूस कुरकुरलं की पाना शोधता!"

हसलीस. पण शिकवलं का नाहीस गं?

तू गेल्यावर हैदराबादचा एक व्यापारी कारखाना विकत घ्यायला आला. टेप लावून शेडची मापं घेतली. मी नाही म्हणालो, माझ्यापुरता विषय संपला. पण मापं घेताना सगळ्यांनी बघितलं होतं. माझं 'नाही' त्यांच्यापर्यंत कोण नेणार? ते काम तुझं होतं.

माणसं गप्प गप्प राहू लागली तसा घाबरलो. लातूरला एमआयडीसीत शिबिर होतं, कामगारांचं मन कसं ओळखावं याचं. गेलो! शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, डोळ्यांत बघा, घरचं विचारा, समोरचा बोलताना मध्ये बोलू नका. आल्या आल्या मारुतीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, डोळ्यांत बघितलं. "घरी कसं काय?"

त्याचा चेहराच उतरला. "मालक, असं कामून बघायलाव? काढायलाव का आम्हाला? सरळ सांगा की!"

ताईंनी सांगितलं होतं तसं मी मध्ये बोललो नाही. तो माझी वाट बघत बसला, मी त्याची. शेवटी उठून गेला. संध्याकाळी सहाही जणांनी हिशेब मागितला.

काय करू, जगदेवी? ही माणसं गेली तर त्या शेडमध्ये मी एकटा कुणाशी बोलू?

शब्द देतो तुला. उद्या मोटारी चालू करायच्या आधी त्यांच्यात खाली बसेन. सांगेन: तो हैदराबादवाला शेड, मशिनरी आणि नाव, सगळ्याचे मिळून पंच्याऐंशी लाख देत होता. अट एकच, जुनी माणसं नकोत. मी नाही म्हणालो.

तुझाच,
गुरुलिंग