सयामची माती

दादा, तुला आणि वहिनीला शकूचा वाकून नमस्कार.

इकडे निघण्याआधी एका सकाळी मी अंगणात जवळा वाळत घालत होते. आई ओटीवरून म्हणाली, "शकू, पोराकडं चाललीस ना, तिथल्या अयोध्येची माती आन गो. मी जाताना माझ्या तोंडात घाल."

आता तिचा दमा कसा आहे? मी बरी आहे, इथे सयामात भात पोटभर मिळतो.

परवा हरेश्वरने मला त्या अयोध्येला नेलं. दादा, ती रामाची अयोध्या नव्हे. पोरगा हसला, "आये, ती आपल्याच देशात. ही इथल्या राजांची जुनी राजधानी, नाव तेवढं घेतलंय." पडकी देवळं, विटांचे ढीग, मुंडकं नसलेले बुद्ध. हात जोडावेत की नाही, कळेना.

हरेश्वर म्हणतो, आजीला काय कळतंय, दे माती. पण आमचे हे समुद्रात बुडाले तेव्हा "होडी मुरुडला लागलीय" असं सांगून तुम्ही मला चार दिवस जेवू घातलंत. ते घास अजून घशात आहेत. आईला खरं सांग, मग ती मागेल तर पत्रासोबतची माती दे.

दुसऱ्या दिवशी मी परत तिथे गेले, मूठभर माती घेतली आणि पुरचुंडीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "सयाम".

तुझी शकू