फ्रिजच्या वर ठेवलेली शिशी

अहो,

दुकानात तुम्ही वाईनची रिकामी बाटली घेऊन गेले अन् ती आडवी मावली म्हणून हा एवढासा फ्रिज पसंत केला, तेव्हाच मले समजाले पाहिजे होतं. आज साहेब जेवाले येणार म्हणून आत बाटल्या कोंबल्या, अन् तुमच्याच आईची इन्सुलिनची शिशी काढून फ्रिजच्या वर ठेवली. मे महिन्यात! हात लावला तर चहासारखी गरम.

ती फेकली. नवी आणाले सीताबर्डीले चालली. बाटल्या मोरीतल्या बादलीत आहेत. फ्रिजले कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ आहे.

आई म्हणतात, "पोरगं गडबडीत विसरलं असन, त्याले काही बोलू नको वं."

बोलत नाही. लिहून राहिली.

प्रेमिला