पाणी न पिणाऱ्या बायका

बोरी बुद्रुक

प्रिय गोजर,

रागातच लिहितेय, अक्षर कसंही आलं तरी वाच. फोनवर तू "हो अक्का, हो अक्का" करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र तुझ्या लेकीच्या, अक्षदाच्या हाती धाडतेय. परवा बेल्ह्यात तुझ्या ओसरीवर चारचौघांत तू मला म्हणालीस, "अक्का, त्यो शेक घिऊ नगं, आईवानी आतून जळशील." माझ्या गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर आहे बाई, रेडिएशनचा शेक नको तर काय अंगारा लावू?

आपल्या आईचे हाल मीही पाहिलेत. शेकानंतर तिला परसाकडं पोचायलाही वेळ मिळत नसे. लग्नाकार्याला जाणं सुटलं ते कायमचं. पण तेव्हा एकदाच खुणा आखायच्या आणि शेवटपर्यंत त्यांवरच शेक द्यायचे. आता पुण्यात रोज आधी आतला फोटो काढतात. गर्भपिशवी आज कुठं सरकलीय, आतडी कुठं आलीत, ते बघून डॉक्टरीणबाई त्याच वेळी शेकाची जागा नव्यानं आखतात. तोवर टेबलावर हलायचं नाही. थकवा येतो, पोट दोनदा बिघडलं, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळच्या भाकरी मीच थापते.

खोटं बोलले ते दुसरंच. शेकाआधी तांब्याभर पाणी पिऊन लघवी धरायची असते, म्हणजे आतडी वर राहतात, कमी भाजतात. मी चार दिवस प्यायलेच नाही आणि प्यायले म्हणून सांगितलं. नारायणगावपर्यंत जीप, पुढं एसटी, मधे लघवीला उतरायचं कुठं? फोटोत सगळं दिसलं. बाई म्हणाल्या, "आम्ही रोज नव्यानं आखतोय आणि तुम्ही तहानलेल्या येताय?" काय सांगू त्यांना? टोमॅटोच्या शेडवर आपण दोघी वीस वर्षं निवडायला बसलो. तिथं क्रेटांना छप्पर होतं, बायकांना संडास नव्हता, म्हणून दिवसभर घोटभर पाणी नाही. बाया कामावरून उठत नाहीत, असं मुकादम कौतुकानं सांगायचा आणि आपण खूश व्हायचो. त्या मेल्याची चीड येते, आणि आपलीही येते.

तुझ्यावर एवढी का चिडलेय, ते आता ऐक. अक्षदानं मला सगळं सांगितलंय. पाळी जाऊन तीन वर्षं झाली, तरी चार महिने तुला अंगावरून लाल जातंय आणि तू फडकी गुपचूप चुलीत घालतेस. ओसरीवर तू स्वतःलाच समजावत होतीस. काही नसेलही, पण बघायला नको? बुधवारी सकाळी साडेसहाला मी नारायणगाव स्टँडवर उभी आहे. तपासणीला तुझं नाव लिहून आलेय. तुझ्या नवऱ्याच्या, सोपानरावांच्या नावाची दुसरी चिठ्ठी अक्षदाजवळच आहे. तू आली नाहीस, तर ती त्यांच्या हातात देणार. मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या दे. पण तपासणी झाल्यावर दे.

तुझीच भांडखोर,
साळूअक्का