सतरा राजीनामे

प्रिय भाविका,

पत्र बघून दचकशील. माझा फोन चालू आहे, तुझा नंबरही पाठ आहे. तरी कागद घेऊन बसलेय, कारण हे मला बोलून सांगता आलं नसतं.

आम्ही पडघ्याच्या पुढे वीटभट्टीवर आलोय. राहनाळची खोली सोडली. शैलेश गारा तुडवतो, मी विटा थापते आणि मैना सुकलेल्या विटा उलट्या करत फिरते. तिसरीची परीक्षा तोंडावर आली होती तिची. शाळेत सांगायला मी गेले नाही, शैलेशला पाठवलं. माझं लहानपण अशाच भट्टीवर गेलं हे तुला वेगळं सांगायला नको. आठवीत हॉस्टेलवर आले तेव्हा वर्गात माझ्या हाताच्या भेगा बघून तूच पहिल्यांदा शेजारी येऊन बसलीस. डब्यातली भाकरी अर्धी माझ्याकडे सरकवलीस आणि नाव नंतर विचारलंस. पोरीला भट्टी दाखवणार नाही, असं मी तिच्या बारशाला सगळ्यांसमोर बोलले होते. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा आई दारात बसून म्हणाली, “न्हाय नेनार बोललेलीस ना गो?” मी गाठोडं आवळत राहिले.

पूर्ण्याच्या गोडाऊनचं काम तुझ्यामुळे मिळालं होतं. तुझ्या बाबांकडे, केसरीनाथशेठकडे, लेबरचं कंत्राट होतं, तू त्यांचं ऑफिस सांभाळायचीस. चार वर्षं मी पार्सलं स्कॅन केली. कामगार विम्याचं कार्ड मिळालं तेव्हा आईने ते देवाजवळ ठेवलं होतं, आमच्या पाड्यावर तसं कार्ड कोणाकडे नव्हतं. मग दिवाळीनंतर एका दुपारी धनेश सुपरवायझरने आम्हाला गेटबाहेर बोलावलं. “मशीन आलीय, उद्यापासून तुम्ही सतराजणी येऊ नका.” परत आत सोडलं नाही. डबेसुद्धा आत राहिले होते, ते वॉचमनने आणून दिले.

नोकरी गेली तर विम्यातून काही महिने भत्ता मिळतो, हे मला विम्याच्या दवाखान्यात भिंतीवरच्या कागदावरून कळलं. मी तुझ्याकडे धावत आले. तू हातातले कागद उलटसुलट करत राहिलीस. मला वाटलं, तुला माहीत नसेल. मग निजामपुऱ्यात सायबरवाल्याकडे आपण दोघी बसलो. आधारला जोडलेला नंबर जुना निघाला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. माझ्याबरोबर तू चार वेळा रांगेत उभी राहिलीस, भाविका. ते मी विसरलेले नाही.

जानेवारीत अर्ज परत आला. ‘स्वतःहून काम सोडले, सबब भत्त्यास अपात्र.’ मी रडले, तेव्हा तू म्हणालीस की अपील करू, मी लिहून देते. आणि काय लिहिलंस गं! दोन पानं. मी वाचली तेव्हा वाटलं, साहेब हे वाचून उभा राहील. खाली सही केली आणि ठाण्याला सुनावणीला गेले. तुझ्या घरी लग्न होतं म्हणून तू आली नाहीस.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने अपील वाचलं, फाइलमधून एक कागद काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. “बाई, हा तुमचा राजीनामा. हे तुमचं अपील. अक्षर एकच आहे. राजीनामा स्वतःच्या हाताने लिहिलात, मग काढलं कोणी तुम्हाला?” मी कागद जवळ ओढला. घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे, असं होतं त्यात. सही माझी होती. अक्षर तुझं होतं.

आधी काही कळेना. मग दिवाळीच्या आधीचा आठवडा आठवला. जेवणाच्या सुट्टीत तू कोरे कागद घेऊन आली होतीस. पीएफचं आहे, सह्या करून ठेवा म्हणालीस. बाकीच्या बायका मागेपुढे बघत होत्या. सीताबाई तर म्हणाली, कोऱ्यावर कशाला? मीच तिला समजावलं, आपली भाविका आहे. पहिली सही मी केली. माझ्यामागून सोळाजणींनी केली.

मी साहेबाकडे पेन मागितलं आणि राजीनाम्यातल्या त्याच ओळी त्याच्यासमोर लिहून दाखवल्या. त्याने बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “तर हे कोणी लिहिलं?” मी पेन त्याच्यासमोर ठेवलं, नाव सांगितलं नाही. त्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. “नाव नाही सांगितलंत तर अपील फेटाळावं लागेल,” म्हणाला.

त्या आठ दिवसांत मी तुझ्याकडे आले होते. आठवतंय? तू चहा टाकलास, मैनासाठी फ्रॉक काढून दिलास. सुनावणीचं काय झालं विचारलंस. मी म्हटलं, तारीख मिळाली. आणि कप हातात धरून थांबले. तुझ्या बाबांनी लिहायला लावलं असेल, तू नाही म्हणू शकली नसशील, एवढं मला कळतं. केसरीनाथशेठपुढे बोलायची आमची कोणाचीच टाप नाही. तू फक्त मला सांगायला हवं होतंस. चहा संपला, निवला कप, तरी बसले. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “सोडून दे ना आता, किती फेऱ्या मारशील?” मी फ्रॉक घेऊन निघाले.

येताना सीताबाईकडे गेले. तिचाही अर्ज त्याच कारणाने परत आलाय. नवरा गेल्यापासून ती एकटीच, लाकडाच्या मोळ्या विकून पोट भरते. तिला वाटतंय, नवऱ्याच्या आजारपणात खाडे झाले होते म्हणून असं लिहिलं असेल. स्वतःचीच चूक शोधत बसलीय. मी तिच्या ओसरीवर बसून सगळं ऐकलं आणि तिला काही सांगू शकले नाही.

काल तारीख होती. भाविका, मी तुझं नाव दिलं. साहेबाने लिहून घेतलं आणि मी खाली सही केली, या वेळी आधी सगळं वाचून. सतराही कागद तपासायला काढणार आहेत. तुला नोटीस येईल. ती तुझ्या बाबांच्या हातात पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. तुझा आवाज ऐकला असता तर मी गाडी पकडून परत ठाण्याला गेले असते, नाव खोडायला. भत्ता मिळाला तरी आता पावसापर्यंत आम्ही इथेच अडकलोय, भट्टीवाल्याची आगाऊ उचल घेऊन बसलोय. मैनाचं वर्ष गेलंच. पण तुला बोलावतील तेव्हा खरं सांग. मला काय वाटेल याचा विचार करू नकोस. मला जे वाटायचं होतं ते त्या टेबलासमोर वाटून झालं.

तुझी मैत्रीण होते, आता काय आहे ते मला ठरवता येत नाही,
ललिता