अठराचा माणूस

६ एप्रिल, रविवार

नाही, तू आधी मले हे सांग, एकशे चौदा वाईट आहे हे ठरवलं कोणी? अन् वाचून काहून राहिला? डायरी माझी आहे. दिपाली, तू असशील तर बायको असली तरी ठेव खाली वं. कोणी वाचत नाही हे मले माहीत आहे. तरी सांगून ठेवलेलं बरं.

गोल्फ सुरू करून वर्ष झालं. पूर्ण कोर्स, म्हणजे अठरा होल, बॉल टाकायचे अठरा खड्डे, बहात्तर फटक्यांत व्हायले पायजे, असं क्लबवाल्यांचं म्हणणं. मले आज लागले एकशे चौदा. सोबत खेळणारा रोशन म्हणे, सुशा, मी मोजले तर एकशे एकोणीस झाले. मी म्हटलं, तू फटके मोज, मी सुधारणा मोजतो. मागच्या रविवारपेक्षा आज बॉल कमी हरवले. ही सुधारणा नाही तर काय आहे?

टार्गेट: पोळ्यापर्यंत शंभरच्या आत. एमबीएत शिकवलं होतं, टार्गेट लिहिलं की अर्धं काम झालं. म्हणजे अर्धं आज झालं.

२० एप्रिल

टिटवी. सातव्या होलच्या बाजूले तिनं अंडे घातले. मी काठी वर नेली की किंचाळते. रोशनच्या वेळेस चूप.

तीन फटके हवेत गेले. रोशननं तिन्ही मोजले. मी म्हटलं, काहून गा? बॉलले लागलं कुठं? दुकानात गिऱ्हाईक आलं, साड्या पाहिल्या, न घेता गेलं, तर आपण विक्री लिहितो का? तो म्हणे, अबे, तू हात तर हलवला ना! डेंटिस्ट माणूस. त्याले धंदा काय समजते.

तसा रोशन चांगला आहे. कॉलेजपासूनचा. सक्करदऱ्याले दातांचा दवाखाना. क्लबातले बाकीचे माझ्यासोबत खेळत नाहीत. म्हणते, सुशील हळू खेळते. मी हळू नाही खेळत, मी जास्त खेळतो. रोशन मात्र दर रविवारी गाडी घेऊन खाली उभा. हॉर्न मारत नाही, दिपाली झोपली असते म्हणून.

४ मे

आज सिस्टिम सापडली.

कार्डावर सोबतच्या खेळाडूची सही लागते, तेव्हाच क्लबची कमिटी स्कोअर धरते. रोशन म्हणे, या होलचे आठ लिहू. मी म्हटलं, सहा. तो म्हणे, आठ. मी चाललो जातो, म्हटलं, अन् खरंच दहा पावलं गेलो. मंग मागून आवाज आला, बरं बाप्पा, सात लिही.

गांधीबागेच्या बाजारात बाबांच्या वेळेपासून आमचं साड्यांचं होलसेल आहे. तिथं कोणताही आकडा म्हणजे पहिला आकडा. जो पहिल्या आकड्यावर हो म्हणते, तो दुसऱ्या दिवशी दुकान बंद करते. ही गोष्ट एवढ्या वर्षांत एकाही गोल्फरच्या ध्यानात आली नाही, याचंच आश्चर्य आहे.

आजचा स्कोअर: ९८. टार्गेट पूर्ण. पोळा तर अजून कुठच्या कुठं आहे.

१८ मे

ऊन असं की काठीचा लोखंडी भाग हातात धरवत नाही. ९६.

दिपाली म्हणे, अहो, कूलरमध्ये पाणी कोण टाकेल? मी म्हटलं, मी सुधरून राहिलो वं इथं. म्हणे, दिसून राहिलं. टोमणा होता का ते समजलं नाही. सकारात्मक घेतलं.

रोशन आज सही करताना थांबला होता. म्हणे, सुशा, खरं सांगू का, अशानं पुढं तुझेच वांधे होतील. मी म्हटलं, पेन चालत नाही का? दुसरा देऊ?

१५ जून

लागला! नोटीस बोर्डावर माझा हँडिकॅप लागला. अठरा.

तुले माहीत नसेल, सांगतो. चांगला अन् कच्चा सोबत खेळू शकले पायजे, म्हणून कच्च्याले फटक्यांची सूट देते. त्याले हँडिकॅप म्हणते. मधली तीन कार्डं मी नव्वदपर्यंत ओढली होती, नव्वदातून बहात्तर गेले, उरले अठरा; म्हणजे माझ्या एकूणातून अठरा वजा. आकडा जितका कमी, तितका माणूस मोठा. रोशन नऊचा. माझ्यासोबतच शिकायले लागलेली मिनल वकील एकतीसची. एकतीस! अन् बोर्डासमोर उभी राहून हसून राहिली होती. माझ्या जागी असती तर हसू शकली असती, पण तिच्या जागी?

बोर्डाचा फोटो काढला. घरच्या ग्रुपवर, दुकानाच्या ग्रुपवर, दिपालीच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. रामटेकहून सासऱ्यानं फुलांचा गुच्छ पाठवला, मोबाइलवर.

६ जुलै

मोठी गोष्ट. पोळ्याच्या नंतरच्या रविवारी जोड्यांचा कप आहे. सूट वजा जाऊन दोघांचे मिळून ज्यांचे फटके कमी, ती जोडी पुण्याले फायनल खेळते. रोशन दोनदा दुसरा आला. पुण्याचं नाव काढलं की हा माणूस पेशंटच्या तोंडात हात ठेवून बोलत राहते, असं त्याची बायको सांगते.

क्लबातल्या गौरांगनं त्याले जोडीसाठी विचारलं. गौरांग आठचा आहे. रोशन म्हणे, नाही, मी सुशीलसोबत खेळीन.

डोळ्यात पाणी आलं. ऊन होतं.

मंग पार्किंगमध्ये हळूच म्हणे, अबे, एक काम करू. कमिटीले सांगू की कार्डं चुकली. तुले अठ्ठावीस भेटेल, पुरुषांले त्याच्यावर देत नाही. तुले सूट जास्त, आपला एकूण कमी, आपण पुण्याले. सही माझी बी आहे, बोलणे मी खाईन, तू नुसता उभा राह्य.

अठ्ठावीस! अठराचा माणूस अठ्ठावीसवर जाईल? सासऱ्याले काय सांगू, गुच्छ वापस घ्या म्हणून? मी म्हटलं, कप मी अठरावरच जिंकून देईन. तो खूप वेळ गाडीच्या चावीशी खेळत राहिला. मंग म्हणे, चाल.

२७ जुलै

जोरदार तयारी. प्लॅन चार रंगांत काढला. लाल म्हणजे अर्जंट. सगळं लालच झालं.

दुकान बंद झाल्यावर गोडाऊनमध्ये स्विंग. दोन ट्यूबलाइट गेल्या. बनारसीच्या गठ्ठ्याले काठीची खूण पडली. बाबा म्हणे, चोर आला होता का? मी म्हटलं, उंदीर. बाबांनी वर ट्यूबलाइटीकडे पाहिलं.

स्विंगचा व्हिडिओ काढला. व्हिडिओत मी वाकडा दिसून राहिलो. मोबाइल तिरपा ठेवला गेला होता.

१७ ऑगस्ट

कपच्या आधीचा शेवटचा रविवार. रोशन म्हणे, आज भाव करायचा नाही, मारशील तेवढं लिहू, आपल्यालेच समजलं पायजे. ११५.

त्यातून चिखलाचे वजा. ओल्या ग्रिपचे वजा. पाचव्या होलवर कुत्रं बॉल घेऊन पळालं, त्याचे वजा, कारण कुत्रं ज्या दिशेनं पळालं ती चूक होती. ९४ येते. म्हणजे फॉर्मात आहे.

रोशननं दवाखान्यात पाटी लिहून ठेवली आहे, पुण्याच्या तारखांना डॉक्टर नाहीत. लावली नाही अजून. ड्रॉवरमध्ये आहे. मी पाहिली हे त्याले माहीत नाही.

२३ ऑगस्ट, मारबत

सकाळी मिरवणुकीच्या गर्दीत उभे होतो; मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेऊन जाळते, अन् लोक आपापली पीडा तिच्यासोबत धाडते. पिवळी मारबत जवळ आली तशी दिपाली सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडली, रविवारचा गोल्फ घेऊन जा वं मारबत! आजूबाजूच्या चार बाया बी तिच्यासोबत ओरडल्या. त्यांचे नवरे काय खेळते, देव जाणे.

उद्या कप. लवकर झोपतो. आत्मविश्वास भरपूर आहे. काठ्या तीनदा पुसल्या, त्या धुळीनं.

२४ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं.

कपमध्ये आपलं कार्ड आपला जोडीदार नाही लिहत, समोरची जोडी लिहते. हे मले कोणी सांगतलं नव्हतं. रोशन म्हणते तीनदा सांगतलं.

समोर मिनल वकील अन् महादेवराव. महादेवराव रिटायर्ड, दर होलनंतर गुडघ्याले हात लावून बसते. तिसऱ्या होलवर मी म्हटलं, सहा. मिनल म्हणे, आठ. मी म्हटलं, चला मॅडम, तुमचं नाही, माझं नाही, सात. ती म्हणे, सुशीलजी, ही काय गांधीबाग आहे? अन् आठ लिहून मोकळी. मी दहा पावलं चाललो बी गेलो. मागून कोणी बोलावलंच नाही. तसंच पुढं जाऊन बॉलजवळ उभं राहावं लागलं.

एकूण ११३. अठरा वजा, ९५. रोशन आयुष्यातलं सगळ्यात भारी खेळला. एवढं भारी की महादेवराव गुडघा सोडून टाळ्या वाजवून राहिले होते.

सहा फटक्यांनी गेलो. मिनल अन् महादेवराव पुण्याले. त्या एकतीसवालीले तेवढी सूट भेटली, अन् मले... सूट दहानं जास्त असती तर. पण असती कशी? मी अठराचा आहे.

आतापर्यंत आकडा खाली आणला अन् घाटा बी मलेच झाला, असा सौदा मी पाहिला नव्हता.

  क्लबात पोहे आले तर रोशन तर्रीचा रस्सा न घेता कोरडेच खाऊन राहिला. मी वाटी सरकवली. म्हणे, राहू दे. घरी सोडताना म्हणे, दिपालीले नमस्कार सांग. असा नमस्कार तो कधी सांगत नाही.

टिटवीले अंडे नव्हते आज, तरी ओरडली.

२९ ऑगस्ट

रोशनचा फोन. म्हणे, रविवारी सकाळी ये. एक कार्ड खेळू. मारशील तेवढे मी लिहीन, सही करीन, कमिटीले देऊ. हँडिकॅप होईल तेवढा होईल. पुढच्या वर्षी परत आपण दोघंच.  मंग म्हणे, सुशा, मले तूच पार्टनर पायजे बे. पण आकडा खरा घेऊन ये. नाहीतर गौरांग विचारून राहिला, अन् या वेळेस मी त्याले हो म्हणीन.

धमकी आहे ही. एवढ्या वर्षांची दोस्ती अन् एका आकड्यावर! दुकानात कोणी असं बोललं असतं तर चहा बी पाजला नसता.

दिपाली म्हणे, जा ना अहो. तुमचा एकच तर दोस्त आहे. मी म्हटलं, दोन आहेत. म्हणे, दुसरा कोण? आठवून सांगतो म्हटलं.

ठरलं. जाईन. सगळे फटके मोजू देईन. भाव करणार नाही. लाल रंगानं लिहून ठेवलं.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळ, पार्किंगमधून

माझ्या गाडीत बसून लिहून राहिलो, आज रोशन घ्यायले आला नव्हता.

पहिला होल. हवा नव्हती. टिटवी नव्हती. रोशन फ्रेश दिसून राहिला होता, थर्मासमध्ये माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला होता. बॉल शेवटी खड्ड्यात गेला. त्यानं कार्ड काढलं अन् म्हणे, नऊ.

मी म्हटलं, सात.

मले म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. तो माझ्याकडे पाहत राहिला. आठ नाही म्हटलं त्यानं.  मी म्हटलं, दिपालीचा फोन आला, अर्जंट आहे. फोन तर बॅगेत बंद पडला होता. बॅग उचलली अन् चाललो आलो. या वेळेस पावलं मोजली नाही.

तर आजचा स्कोअर. पहिल्या होलचे सात. बाकीचे खेळलो नाही, म्हणजे शून्य. एकूण सात. क्लबात आजवर एवढा कमी स्कोअर कोणी केला नसेल. फक्त सही नाही.

आरशात रोशन दिसून राहिला. इकडंच येऊन राहिला. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात माझा चहा. चहा सांडू नये म्हणून हळू चालून राहिला. कार्डावर काय लिहिलं ते इतक्या दुरून दिसत नाही.

काच खाली आहे. आता जवळ आला. तोंड उघडून राहिला. तो आकडा सांगायच्या आत गाडी सुरू केली, निघतो.